निरोपाचा ताप

हे मी कुणाला सांगायचं नव्हतं. डॉक्टरकाकांनी तसं कबूल करून घेतलं होतं. “दवाखान्यातली गोष्ट दवाखान्यातच राहते, यमू,” ते म्हणाले, आणि मी मान हलवली. मान हलवणं मला बोलण्यापेक्षा सोपं जातं.

पण बाबांच्या औषधखोलीत रिकाम्या बाटल्या साठतात, तसे तिथले किस्से माझ्याजवळ साठले आहेत. बाटल्या निदान धुऊन पुन्हा वापरता येतात. किश्श्यांचं काय करायचं? तुम्ही तिघी शाळेत रोज विचारता आणि मला चारचौघींत बोलता येत नाही. म्हणून वहीत लिहून देते आहे. वाचा आणि वही परत करा. रोग्यांची नावं लिहिलेली नाहीत, फक्त खाटेचा नंबर लिहिला आहे. म्हणजे अर्धं वचन तरी पाळलं.

दवाखाना तुम्ही आतून पाहिलेला नाही, म्हणून थोडं सांगते. कापसाला भाव आला तेव्हा गावातल्या एका शेठजींनी तो बांधून दिला. एक लांब वॉर्ड, बारा खाटा, मध्ये कापडाचा पडदा, अलीकडे पुरुष आणि पलीकडे बायका. आत जायला एकच दार. माझे बाबा तिथे कंपाउंडर आहेत. शाळा सुटली की मी त्यांचं जेवण घेऊन जाते आणि त्यांचं काम संपेपर्यंत खिडकीपाशी कित्ता गिरवत बसते.

* * *

गेल्या हिवाळ्यात कापसाच्या गाड्या सुरू झाल्या आणि तो ताप आला. अंग मोडून येई, डोकं फुटे, कोरडा खोकला लागे आणि चार-पाच दिवसांत माणूस उठून बसे. म्हातारी माणसं मात्र सगळी उठली नाहीत. डॉक्टरकाका त्याला इन्फ्लुएन्झा म्हणत. सखूबाई, म्हणजे वॉर्डातली आया, त्याला पाव्हणा म्हणे.

डॉक्टरकाकांना एकच गोष्ट खटकत होती. दुसऱ्याच दुखण्यासाठी आलेल्या माणसाला इथे आठवडाभरात हा ताप गाठत होता. “पाय मोडून आलेला माणूस तापाने का जावा?” ते बाबांना म्हणाले. “बरा होण्यासाठी आला ना तो आपल्याकडे?”

तेव्हापासून ते प्रत्येक रोग्याला आधी हेच विचारू लागले, की तुझ्या जवळ कोण बसलं होतं, कोण खोकत होतं, घरी कुणाला ताप आहे का. एकदा एका गाडीवानाला आणलं. भरलेल्या गाडीचं चाक त्याच्या पायावरून गेलं होतं. डॉक्टरकाका वाकून विचारू लागले, “घरी कोण खोकतं?”

गाडीवान कण्हत म्हणाला, “साहेब, पाय माहा मोडला. घरच्याइचा नाई.”

डॉक्टरकाकांनी त्याची माफी मागितली. खरोखर हात जोडून मागितली. मी पाहिलं.

* * *

ताप कशातून येतो यावर दवाखान्यात जितकी माणसं तितकी मतं होती. बाबा म्हणत, कापसाच्या धुळीतून येतो. हेडकारकून म्हणत, विहिरीच्या पाण्यातून. आमचे ड्रेसर करीमचाचा जखमा बांधता बांधता म्हणत, “खुदाकडून येतो आणि जाताना विचारत नाही.”

डॉक्टरकाकांनी आधी पाण्याचा माग घेतला. वॉर्डात पाण्याचे माठ वेगवेगळे असतात, एकाच्या माठातलं दुसरा पीत नाही. जेवण ज्याचं त्याच्या घरून येतं. तरी ताप सगळ्यांना सारखाच आला. डॉक्टरकाका त्या माठांच्या रांगेपुढे बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, “माठ वेगळे, ताट वेगळं, वाडगं वेगळं, आणि ताप मात्र एकच. म्हणजे ही माणसं काहीतरी एकत्र करतात. काय करतात ते शोधायचं.”

करीमचाचा म्हणाले, “भांडतात, साहेब.”

* * *

या कामात मी कशी आले ते सांगते.

एकदा हेडकारकून औषधखोलीत आले, टेबलाशी उभं राहून बाबांशी बराच वेळ बोलले आणि जाताना म्हणाले, “आज मुलगी दिसली नाही ती तुमची?” मी त्यांच्या कोपरापाशी बसले होते. त्यांचं उपरणं माझ्या कित्त्यावर आलं होतं.

डॉक्टरकाका दारातून हे बघत होते. हेडकारकून गेल्यावर म्हणाले, “हीच हवी मला.”

त्यांनी मला एक मोठी पाटी दिली. तिच्यावर बारा चौकोन आखले, बारा खाटांचे. म्हणाले, “कोण कुणाच्या खाटेपाशी गेलं, बसलं, काय दिलं, काय घेतलं, ते लिही. दिसेल ते सगळं लिही. तुला काय वाटतं ते लिहू नकोस. वाटायचं काम माझं. चुकलं तर लोकांनी मला हसावं, तुला नाही.”

मला आजवर कुणी असं काम दिलं नव्हतं, आणि माझ्या वाट्याचं हसूही कुणी आधीच आपल्याकडे मागून घेतलं नव्हतं.

* * *

आता सखूबाईचं सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

सखूबाईला वॉर्डातला प्रत्येक खोकला ओळखू येतो. पडद्यापलीकडून ती सांगते, “पाच नंबरले पानी द्या, त्याचा गळा सुकला.” करीमचाचांना हे पटेना. त्यांनी एक दिवस परीक्षाच घेतली. सखूबाईला भिंतीकडे तोंड करून बसवलं, डोळ्यांवर पदर ओढायला लावला आणि एकेका रोग्याला खुणेने खोकायला सांगितलं.

“हा दोन नंबर. हा सात. हे पडद्यामागची बुढी. हा पुन्हा दोन नंबर, मले फसवून राह्यला.”

मग करीमचाचांनी डॉक्टरकाकांना खूण केली. डॉक्टरकाका मोठे गंभीर गृहस्थ आहेत, पण तोंडापुढे मूठ धरून तेही दोनदा खोकले.

सखूबाई म्हणाली, “हा खोकला खोटा हाय.” मग पदर न काढताच उभी राहिली आणि म्हणाली, “नि डाक्टरसाहेब, तुमी उभे काहून? बसा.”

* * *

त्या हिवाळ्यात दवाखान्यातल्या माणसांत ताप सगळ्यात आधी सखूबाईला आला होता. ती राहते कापसाच्या रेच्यांच्या वस्तीत, जिथे दिवसभर सरकी काढतात. हेडकारकुनांनी या दोन गोष्टी एकत्र बांधल्या आणि अकोल्याला मोठ्या डॉक्टरसाहेबांकडे पत्र लिहिलं, की ही बाई वस्तीतून ताप आणते आणि खाटेखाटेला वाटते. उत्तर आलं, की बाईला आठ दिवस वॉर्डाबाहेर ठेवा. साहेब तपासणीला येतील तेव्हा कामावर ठेवायचं की काढायचं ते ठरवतील.

सखूबाईला दुसरं काम मिळालं असतं. रेच्यावर बायका लागतातच. पण तिचा नवरा रेच्यावरच होता, आणि तिथली धूळ खाऊन खोकत खोकत गेला. ती मला एवढंच म्हणाली, “तिकडं जाईन त मीबी तशीच जाईन, यमू.” सखूबाई कण्हत नाही, रडत नाही. ती हे म्हणताना माठ घासत होती.

आठ दिवस ती फाटकाबाहेर निंबाखाली बसली. घरी बस म्हटलं तरी ऐकेना. तिथूनच खिडकीकडे तोंड करून ओरडे, “तीन नंबरले कुशीवर करा! त्या बुढीची गोधडी उन्हात टाका!”

आणि त्या आठ दिवसांत माझ्या पाटीवर तापाच्या तीन नव्या खुणा पडल्या.

डॉक्टरकाकांनी पाटी हेडकारकुनांपुढे ठेवली. “ती आत नव्हती. मग हे तिघं कसे?”

हेडकारकुनांनी पाटीकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं आणि म्हणाले, “तिचा आवाज येतो ना आत.”

* * *

त्याच आठ दिवसांतली गोष्ट. मोर्शीकडचा एक शेतकरी बरा होऊन निघाला. खरं तर पुरता बरा नव्हता, खोकला होताच. पण वेचणी चालू होती, गाड्या भरायच्या होत्या, त्या दिवसांत कुणी पुरतं बरं व्हायला थांबतच नव्हतं. तो सगळ्यांना भेटला, दाराशी आला आणि सवयीने म्हणाला, “बरं, येतो.”

खाटाखाटांवरच्या माना वळल्या. दवाखान्यातून निघताना कुणी ‘येतो’ म्हणतं का?

त्याच्याही ते लक्षात आलं. तो चाचरत म्हणाला, “नाई, म्हंजे, जातो.” त्याला न्यायला आलेली त्याची आई मटकन खाली बसली. “असं बोलू नको रे बापा.”

आता त्याला ना पुढे जाता येईना, ना मागे. उंबऱ्यावर एक पाय देऊन घामाघूम उभा. शेवटी निंबाखालून आवाज आला, “‘सुटलो’ म्हन, नि बाहीर पड!”

“सुटलो,” तो म्हणाला, आणि खरंच सुटला.

आम्ही सगळे हसलो. डॉक्टरकाका हसले नाहीत. ते माझ्याकडे आले. “हा निघताना कुणाकुणाला भेटला, ते लिहिलंस का?”

मी मान हलवली. दिसेल ते सगळं लिही, असं त्यांनीच सांगितलं होतं.

* * *

आपल्याकडे कुणी न भेटता निघत नाही. इतके दिवस बाजूच्या खाटेवर काढले, म्हणजे नातंच झालं. निघणारा खाटेखाटेला जातो, म्हाताऱ्यांच्या पाया पडतो, बरोबरीच्यांना मिठी मारतो आणि घरून आलेल्या गुळाचा खडा स्वतःच्या हाताने प्रत्येकाच्या तोंडात घालतो. माठ वेगळे असले तरी त्या घटकेला गुळाला कुणी नाही म्हणत नाही.

डॉक्टरकाका इतके दिवस आत येणाऱ्यांचा माग घेत होते. माझ्या पाटीवर जाणारेही होते. मोर्शीवाला सोमवारी गेला. बुधवारी चार नंबरला ताप आला. गुरुवारी सात आणि नऊ. मागच्या पाट्या मी कागदावर उतरून ठेवल्या होत्या. त्यांतही तेच निघालं. कुणी खोकत निरोप घेतला, की दोन-तीन दिवसांत ताप.

फक्त आठ नंबरचं कोडं सुटेना. तो बरोबर सात आणि नऊच्या मध्ये होता आणि ठणठणीत होता. डॉक्टरकाका त्याच्या खाटेवर बसले. “अरे, तुला ताप कसा नाही आला?”

आठ नंबर छताकडे बघत म्हणाला, “त्याचं नि माहं बोलनं नाई, साहेब. थो आला त मी भितीकडं तोंड केलं. गूळबी नाई घेतला.”

डॉक्टरकाका औषधखोलीत येऊन खुर्चीत बसले. कधी नव्हे ते पोट धरून हसले. मग डोळे पुसून बाबांना म्हणाले, “भांडणाने माणूस वाचला, हे मी साहेबांना इंग्रजीत कसं लिहू?”

* * *

नियम झाला, की ज्याला खोकला आहे त्याने निरोप दारातूनच घ्यायचा. सगळे ‘हो’ म्हणाले आणि सगळे खाटेखाटेला गेले. डॉक्टरकाका समोर उभे असत, पण कुणी म्हातारी त्यांचा हात धरून “दोनच मिनिटं, बापा” म्हणाली, की त्यांना आपला सगळा नम्रपणा आठवे, कारण ते मूळचे पुण्याकडचे. ते बाजूला होत.

आठ दिवस संपले, सखूबाई परत आली. डॉक्टरकाकांनी तिला पाटी दाखवून सगळं समजावलं. तिने नीट ऐकून घेतलं. “मले पुसलं असतं त मी सांगतलं असतं,” ती म्हणाली. “पाव्हणा येताना तरास देत नाई, साहेब. निंगताना देते.” मग तिने लांब दांड्याचा खराटा घेतला आणि निघणाऱ्यांच्या वेळेला तो दारात आडवा धरून उभी राहू लागली.

चांदूरची एक आजी फार चिडली. तिला सुनांसारख्या झालेल्या सगळ्या बायकांना एकदा जवळ घ्यायचं होतं. “मले अडवतं? मी शाप देईन तुले.”

“तिथूनच दे, आजी,” सखूबाई म्हणाली. “पोचते.”

आजीने शाप दिला नाही. दारातूनच एकेकीचं नाव घेतलं आणि प्रत्येकीला सांगितलं, की जेवत जा. मी पाटीवर काय लिहावं ते मला कळेना. शेवटी ‘नावं घेतली’ एवढंच लिहिलं.

पुढचे कितीतरी दिवस माझ्या पाटीवर नवी खूण पडली नाही.

* * *

आता शेवटचा किस्सा. हा मात्र खरंच कुणाला सांगू नका.

अकोल्याचे साहेब तपासणीला आले. नव्या आगगाडीने बडनेऱ्यापर्यंत आणि पुढे बैलांच्या दमणीतून. माणूस दयाळू आहे. हिंदुस्थानी बोलतात, मी आपल्या भाषेत लिहिते. त्यांची एक रीत आहे, की जाताना वॉर्डातल्या प्रत्येक रोग्याच्या खाटेपाशी थांबतात आणि त्याच्याशी हात मिळवतात. गावात या गोष्टीचं फार कौतुक आहे.

ते आले तेच नाकाला रुमाल लावून. डोळे लाल, आवाज बसलेला. डॉक्टरकाकांच्या खोलीत बसून त्यांनी रिपोर्ट वाचला. मी उतरून घेतलेल्या पाट्या पाहिल्या आणि अक्षर चांगलं आहे म्हणाले. मग म्हणाले, “पण डॉक्टर, ताप हवेतून येतो. गुळातून येतो असं मी आजवर ऐकलं नाही.” आणि सखूबाईला उद्यापासून काढा, असं सांगून ते शिंकत उठले.

हेडकारकून आधीच दाराशी पोचले होते. त्यांनी ही बातमी सखूबाईला देऊन टाकली होती. ती दारात उभी होती, हातात खराटा.

साहेब रोग्यांचा निरोप घ्यायला वॉर्डाकडे आले. दारापर्यंत आले आणि खोकले.

सखूबाईने खराटा आडवा केला.

मी खिडकीपाशी होते. बाबांच्या हातातली बाटली तशीच वर राहिली. हेडकारकून म्हणाले, “अगं ए, तुला काढलंय.”

“उद्यापासून ना?” सखूबाई म्हणाली. “आज त हाय ना मी. साहेब, खोकला हाय तुमाले. तिथूनच.”

साहेबांनी डॉक्टरकाकांकडे पाहिलं. “तिला बाजूला व्हायला सांगा.”

डॉक्टरकाकांचा चेहरा पांढरा पडला होता. पण ते म्हणाले, “साहेब, नियम माझा आहे. तो मोडायला मी तिला कसं सांगू?”

“नियम तुमचा, तर मला तुम्ही का नाही अडवलं?”

“मला धीर झाला नाही,” डॉक्टरकाका म्हणाले.

साहेबांना पुन्हा शिंक आली. त्यांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला, टोपी काढली आणि दारातूनच, पहिल्या खाटेपासून बाराव्या खाटेपर्यंत, एकेकाला मान लववून निरोप दिला. आठ नंबरने भिंतीकडे तोंड केलं नाही. तोही उठून बसला.

मग साहेबांनी कागद मागवला आणि उभ्याउभ्याच दोन ओळी लिहिल्या. डॉक्टरकाकांनी त्या त्यांच्या खांद्यावरून वाचल्या आणि मोठ्याने सांगितल्या, की बाई कामावर राहील, आणि दारावर तिचंच चालेल. साहेबांनी तो कागद सखूबाईला द्यायला हात पुढे केला.

सखूबाईने खराटा सोडला नाही. “खाली ठेवा, साहेब,” ती म्हणाली. “मंग घेईन मी.”

आई दुसऱ्यांदा हाक मारते आहे, एवढं लिहून उठते. साहेबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, वाकून तो कागद उंबऱ्यावर ठेवला, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून त्याच्यावर स्वतःच्या खिशातलं घड्याळ ठेवलं.